झिरो बघा

सेलूत, पाथरी नाक्यावरच्या पंपावर
नऊ वर्षं मी एकच वाक्य म्हणतोय:
झिरो बघा.
दिवसातून चारशेदा. लोक तेव्हा फोन बघत असतात.

त्या संध्याकाळी ते फोनमधूनच आलं.
उद्यापासून मनमाडहून टँकर निघणार नाहीत म्हणे.
परवापासून मीठ मिळणार नाही म्हणे.
टँकरचा आणि मिठाचा काय संबंध, कोणी विचारलं नाही.
साडेसातला सात गाड्या,
आठला रांग रसवंतीच्या पुढं,
नऊला लिंबाच्या पल्याड, जिथं पंपाचा उजेड संपतो.
तिथून नुसते हॉर्न यायले.

काय काय आणलं लोकांनी!
दुधाचे कॅन. गोडेतेलाचे डबे, आतून अजून ओशट.
पंगतीत वरण वाढायच्या बादल्या,
काठावर कुणाच्या तरी स्मरणार्थ कोरलेल्या.
मुंजाजीनं तर फवारणीचा पंपच पाठीवरून उतरवला.
"अरे, ह्याच्यात औषध होतं ना?"
"धुतलाय दोनदा. भर तू."
मी नाही भरलं. तो पुन्हा रांगेच्या शेपटाला गेला,
बायकोच्या माहेरची कळशी घेऊन.

डासाळकर सर दोन तास उभे होते.
झाकण उघडलं, तर पेट्रोल गळ्याला.
अडतीस रुपयांचं बसलं.
"अजून बसंल थोडं," म्हणाले, गाडी हलवून हलवून,
पायलीत ज्वारी हापटून बसवतात तसं.
जरा सांडलं.
सरांनी ते रुमालानं टिपलं
आणि रुमाल घडी करून खिशात घातला.

सव्वाअकराला नोझलनं उचकी दिली.
मालकानं दोरी बांधली. लोक दोरीला टेकून उभेच.
"पायपात राहिलं असंल की," एकजण म्हणाला.

मग शेख नजीरची रिक्षा आली, ढकलत.
आत एक पोरगी, आईच्या मांडीवर डोकं,
दातात पदराचा बोळा.
परभणीला न्यायचं होतं. इथं डॉक्टर नाही म्हणाला होता.
माझ्या डिकीत दोन लिटरची बाटली होती.
सातलाच भरून ठेवलेली. पैसे देऊन. चोरी नव्हती ती.
काढली. ओतायला लागलो.
अर्ध्यावर हात थांबला.
मी थांबवला नाही. नऊ वर्षांचा हात आहे,
कुठं थांबायचं त्याला कळतं.
"पुरंल का?"
"मानवत रोड तक तो जाती. आगे देखेंगे."
नजीरनं बाटलीकडं बघितलं.
मी झाकण लावलं.

घरी पोचलो तर दोन वाजलेले.
देवाच्या फळीखाली मिठाचे अकरा पुडे.
"साठनं दिलं कांकरियानं," दैवशाला म्हणाली,
"लई ढकलाढकली झाली. बांगड्या फुटल्या."
"महिन्याला किती लागतं आपल्याला?"
"एक."
माझ्या शर्टाखाली बाटली. वास तर तिला आलाच असंल.
तिनं भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला टँकर आला, रोजच्यासारखा.
ड्रायव्हरनं चहा मागितला,
दोरी आणि लोकं बघून हळूच विचारलं,
"कोण गेलं?"

मुलगी झाली म्हणे. पेडगावच्या अलीकडं,
बंद रिक्षात, बॅटरीच्या उजेडात. दोघी बऱ्या आहेत.
बंद कशानं, ते मी विचारलं नाही.
नजीर येतो, शंभरचं टाकतो.
झिरो बघा, मी म्हणतो.
तो माझ्या हाताकडं बघतो.

मीठ अजून आहे. सहा पुडे.
आषाढात त्याला पाणी सुटलं,
फळीखालून ओघळून उंबऱ्यापर्यंत आलं.
दैवशालानं फरशी पुसली,
फडकं पिळलं,
परत पुसली.